मंद, शीघ्र आणि एक लाल ठिपका

अंधारात पेटतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं अख्खं कडं दिसतं. त्याला फार जुना शब्द आहे: अलातचक्र. कडं खरं तर कुठेच नसतं. असतो तो एक निखारा, आणि तो आत्ताच कुठे होता हे क्षणभर धरून ठेवणारा आपला डोळा. लेझरचा एक किरण आणि मोटरींवर बसवलेले दोन आरसे यांतून भिंतीवर जी नक्षी उमलते ती याच जातीची. हाताने एकच वर्तुळ निघतं. मोटरी दोन असल्या की वर्तुळावर वर्तुळ चढतं, आणि मग पाकळ्या, फास, चांदण्या, जाळ्या निघत राहतात.

वस्तू अगदी साधी आहे. मोटरीच्या शाफ्टवर छोटा गोल आरसा चिकटवायचा, पण सपाट नाही, किंचित कलता. त्यावर लेझर पाडला की परतणारा किरण शंकूच्या कडेने फिरतो आणि भिंतीवर कडं काढतो. तो भिंतीवर न सोडता दुसऱ्या मोटरीवरच्या तशाच कलत्या आरशावर पाडला की दुसरं कडं पहिल्याच्या पाठीवर बसतं. ग्रहांच्या जागा काढायला आपले ज्योतिर्विद शतकानुशतकं हीच रीत वापरत आले: एका वर्तुळाच्या परिघावर दुसऱ्याचं केंद्र ठेवायचं. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या गणितातही मंद आणि शीघ्र अशी त्या वर्तुळांची नावं येतात. ज्योतिषातला त्यांचा अर्थ वेगळा आहे, तरी शब्द उसने घेऊन इथे हळू मोटरीला मंद आणि वेगवान मोटरीला शीघ्र म्हणू. भिंतीवरच्या नक्षीतले आत वळलेले फास आणि वक्री होणाऱ्या मंगळाचा आकाशातला फास हे गणिताने सख्खे भाऊ आहेत, म्हणून ही नावं इथे परकी वाटत नाहीत.

हे यंत्र जमवण्याची सगळी कला एका प्रश्नात आहे: कोणता दोष काढून टाकायचा आणि कोणता राहू द्यायचा. आरशातला दुहेरी ठिपका, मोटरीची थरथर, आरशाचा बाक हे काढायचे. दोन मोटरींचं एकमेकींशी पूर्ण न जुळणं मात्र ठेवायचं. नक्षी जिवंत दिसते ती त्या न जुळण्यामुळेच. हे लक्षात न घेता महागडं सामान आणलं तर यंत्र अचूक होतं आणि नक्षी भिंतीवर मेल्यासारखी उभी राहते.

सुरुवात लेझरपासून, कारण इथे चूक झाली तर ती डोळ्याला भोवते. ६५० नॅनोमीटरचं, ५ मिलिवॅटपर्यंतचं लाल मॉड्यूल घ्यावं: पितळी नळकांडं, ६ किंवा १२ मिलिमीटर व्यासाचं, ३ ते ५ व्होल्टवर चालणारं. १२ मिलिमीटरच्या प्रकारात पुढचं भिंग फिरवून ठिपका बारीक करता येतो, म्हणून तोच बरा. अंधाऱ्या खोलीत दोन फुटांच्या नक्षीला एवढा उजेड भरपूर होतो. हिरव्याचा मोह सगळ्यांना पडतो, कारण तेवढ्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण डोळ्याला लालपेक्षा साधारण आठपट उजळ दिसतो. पण स्वस्त हिरव्या लेझरात हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त डायोडने एक स्फटिक चेतवतात, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो. अवरक्त अडवणारी गाळणी बसवली नसेल तर न दिसणारा प्रकाश हिरव्याबरोबर बाहेर येतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मोजमाप संस्थेने, एनआयएसटीने, नेमका असाच एक स्वस्त पॉइंटर तपासून त्याचा इशारा प्रसिद्ध केला होता. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा त्याहून फसवा: डोळ्याला फिका दिसतो, म्हणून माणूस जास्त शक्तीचा शोधत जातो.

१०० मिलिवॅटच्या वस्तूवर ५ मिलिवॅटचं लेबल असणं आणि याच्या उलट असणं, दोन्ही बाजारात घडतं. लेबलावर भिस्त ठेवू नये. गणपतीच्या मिरवणुकांत तीव्र लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याची प्रकरणं महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत समोर आली आणि पुण्यात पोलिसांना अशा झोतांवर बंदीचे आदेश काढावे लागले. घरचं यंत्र त्या झोतांपुढे किरकोळ आहे, पण नियम तेच. किरण फिरत असताना डोळ्यात क्षणभरच जातो; मोटर अडकली की तोच किरण एका जागी उभा राहतो. म्हणून झोत डोक्याच्या उंचीच्या वर ठेवायचा, खिडकीच्या काचेकडे किंवा आकाशाकडे कधीही रोखायचा नाही, आणि पेटीला काळ्या पुठ्ठ्याची चौकट लावून झोताला ठरावीक खिडकीतूनच बाहेर पडू द्यायचं. लेझरचं बटण मोटरींपासून वेगळं आणि हाताशी असावं. लहान मुलं बघणार असतील तर मॉड्यूलच्या वायरीत आणखी ५० ते १०० ओहमचा रेझिस्टर टाकून उजेड आणखी कमी करावा.

आता आरसे. चांगला आरसा मिळाला की निम्मं काम झालं.

घरातल्या आरशाला चांदीचा थर काचेच्या मागे असतो. किरण आत जातो, मागच्या थरावरून परततो. पण काचेचा पुढचा पृष्ठभागही सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. त्यामुळे मुख्य ठिपक्याशेजारी एक फिका ठिपका उमटतो. ३ मिलिमीटर जाड काचेवर ४५ अंशांनी किरण पडला तर दोन ठिपक्यांत साधारण सव्वादोन मिलिमीटरचं अंतर पडतं. दोन आरशांत हाच प्रकार दोनदा होतो आणि प्रत्येक रेषेच्या मागे भुतासारख्या रेषा येतात. नक्षी दाट झाली की हा सगळा गिचका होतो.

उपाय दोन. एक म्हणजे पुढेच थर असलेला आरसा. तो भंगारात मिळतो: जुन्या सपाट स्कॅनरमध्ये लांब पट्ट्यांसारखे असे आरसे असतात, झेरॉक्स यंत्रात आणि लेझर प्रिंटरमध्येही असतात. बंद पडलेल्या हार्डडिस्कची तबकडीही चालते. संगणकाच्या मोठ्या साडेतीन इंची डिस्कची तबकडी बहुधा ॲल्युमिनियमची असते, पत्र्याच्या कात्रीने कापता येते, पण कापताना कडेला बाक येतो, म्हणून लागेल त्यापेक्षा मोठा तुकडा कापून मधलाच भाग वापरावा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची तबकडी बरेचदा काचेची असते आणि वाकवायला गेलं की ठिकऱ्या उडतात, तेव्हा आधी टिचकी मारून आवाज ऐकावा. पुण्यात जुना बाजार आणि तपकीर गल्ली, मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड, या ठिकाणी स्कॅनर, डिस्क आणि सुटे भाग एका फेरीत जमतात. सीडीचा तुकडा वापरण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नये. सीडीवर १.६ मायक्रोमीटर अंतराने कोरलेली रेघ असते आणि ती किरणाचे अनेक किरण करून टाकते.

दुसरा उपाय पातळ काचेचा. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात २५ मिलिमीटर व्यासाचे गोल आरसे पाकिटाने मिळतात, काच एखादा मिलिमीटर जाड. भुताचा ठिपका इथेही असतो, पण मुख्य ठिपक्यापासून पाऊण मिलिमीटरच सरकलेला, म्हणजे किरणाच्या स्वतःच्या जाडीतच लपतो. पाकिटातला प्रत्येक आरसा मात्र सपाट नसतो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघावं आणि आरसा हळूहळू कलवावा. प्रतिबिंबाची रेघ सरळ राहिली तर आरसा ठेवायचा, वाकली तर बाजूला. बाकदार आरसा किरण पसरवतो आणि तीन मीटरवर ठिपक्याचा पेढा होतो.

हे आरसे फेविक्विकने चिकटवायचा मोह आवरावा. सुकताना त्याची वाफ निघते आणि आरशावर पांढरी साय धरते. पुढे थर असलेल्या आरशाची तर ती कायमची वाट लावते. दोन नळ्यांचं अराल्डाइट वापरावं, रात्रभर सुकू द्यावं.

आरसा थेट शाफ्टच्या टोकावर बसत नाही, कारण छोट्या मोटरीचा शाफ्ट २ मिलिमीटरचाच असतो. मध्ये एक चकती लागते. खेळण्यातल्या गाडीचं दातेरी चाक किंवा पुली यासाठी उत्तम. २० मिलिमीटर व्यासाची, शाफ्टवर घट्ट बसणारी आणि डोळ्याने पाहता न लंगडणारी चकती निवडावी. कल द्यायला कागद वापरायचा. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. २० मिलिमीटरच्या चकतीच्या एका कडेखाली तीन थर ठेवले तर आरसा पाऊण अंशाहून थोडा जास्त कलतो, पाच थरांनी साधारण दीड अंश. किरणाचा कल आरशाच्या कलाच्या दुप्पट, म्हणून दीड अंशाच्या आरशाने तीन मीटरवरच्या भिंतीवर सुमारे ३१ सेंटिमीटर व्यासाचं कडं पडतं. उलटही मोजता येतं: एकच मोटर फिरवून कड्याचा आडवा व्यास मोजायचा, भिंतीच्या अंतराच्या चौपटीने भागायचं, ५७.३ ने गुणायचं. आरशाचा कल अंशांत मिळतो.

कल जास्त ठेवला की नक्षी मोठी होईल या हिशोबाने पाच-सहा अंश देणारे बरेच असतात. तिथेच काम बिघडतं. पहिल्या आरशावरून निघालेला किरण दुसऱ्या आरशावरही कडं काढत असतो. दोघांत ६ सेंटिमीटर अंतर असेल आणि कल दीड अंश, तर ते कडं सव्वासहा मिलिमीटरचं, किरणाच्या जाडीसकट ९ ते १०. ४५ अंशांनी पाहिलं तर २५ मिलिमीटरचा आरसा आडवा १८ मिलिमीटरपेक्षा थोडा कमीच उरतो, तरी एवढं त्यात मावतं. पाच अंशांच्या कलाला कडं २१ मिलिमीटरचं होतं आणि नक्षीचा एक भाग आरशाबाहेर सांडतो. नक्षी मोठी हवी असेल तर यंत्र भिंतीपासून लांब न्यावं, कल वाढवू नये.

मोटरींबद्दल थोडं सविस्तर, कारण दुकानात सगळ्या सारख्याच दिसतात. खेळण्यातली ३ व्होल्टची, १३० नंबरची मोटर शीघ्र म्हणून ठीक. मंद म्हणून ती वाईट: खूप कमी व्होल्टला ती धक्के देत फिरते किंवा थांबते. मंदसाठी जुन्या सीडी प्लेअरमधली, तबकडी फिरवणारी ब्रशची मोटर (फिरत्या भागाला घासत्या पट्ट्यांनी वीज देणारी) शोधावी. ती शांत असते, कमी वेगालाही एकसारखी फिरते आणि तिच्यावर सपाट चकती आधीच बसवलेली असते. टेपरेकॉर्डरची मोटर मात्र घेऊ नये. तिच्या पोटात वेग बांधून ठेवणारी यंत्रणा असते, बहुधा २४०० फेऱ्यांची, त्यामुळे व्होल्टेज बदलून तिचा वेग हवा तसा बदलत नाही, आणि ती एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेली असते. संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा हा तिसरा पर्याय: पाती सगळी सारखी छाटून मधल्या बोंडावर आरसा चिकटवला की सुंदर, थरथर नसलेली मोटर तयार होते. पण तारा उलट्या जोडून पंखा उलटा फिरत नाही, आणि दिशा उलटवता येणं हा या खेळाचा निम्मा आनंद आहे.

वेग किती हवा ते डोळा ठरवतो. अंधारात एकच आकृती सेकंदाला पंधरा-वीस वेळा तरी पुन्हा काढली गेली तरच ती अखंड दिसते. मंद मोटर सेकंदाला २० फेऱ्या आणि शीघ्र ६० ही सुरुवातीची चांगली जोडी. मिनिटाचे आकडे झाले १२०० आणि ३६००. त्याहून पळवायची गरज नसते, आणि पळवल्याची किंमत थरथरीत मोजावी लागते. दोन मिलिमीटर जाड काचेच्या २५ मिलिमीटरच्या आरशाचं वजन अडीच ग्रॅम भरतं. त्याचं केंद्र शाफ्टपासून एक मिलिमीटर जरी सरकलं असेल, तरी ३००० फेऱ्यांना तो मोटरीला सुमारे २५ ग्रॅम वजनाएवढे हिसके देतो, तेही सेकंदाला पन्नास. पातळ आरसा घेण्याचं हे दुसरं कारण. अराल्डाइट सुकण्याआधी मोटर हाताने फिरवून आरशाची कड एकाच जागी राहते का ते बाजूने पाहावं. उरलेला असमतोल मागे चिकणमातीचा कण लावून मारता येतो: लावून पाहायचं, वाढला तर समोरच्या बाजूला न्यायचं.

पाट १२ मिलिमीटरच्या प्लायवूडचा, ३० बाय २० सेंटिमीटरचा. मोटर ॲल्युमिनियमच्या एल आकाराच्या पट्टीवर फोमच्या दुहेरी टेपने आणि प्लास्टिकच्या टायने बांधावी. टेप थरथर खातो, टाय मोटर जागेवर ठेवतो. पट्टीला पाटाशी एकच स्क्रू द्यावा, म्हणजे जुळवताना ती फिरवता येते. जुळलं की दुसरा स्क्रू. मोटरी बंद ठेवून आधी लेझर पहिल्या आरशाच्या मध्यावर, तिथून दुसऱ्याच्या मध्यावर, तिथून पेटीच्या खिडकीबाहेर असा किरण बसवायचा. किरण कुठे पडतोय ते पांढऱ्या कार्डाचा तुकडा मध्ये धरून बघावं, डोळा त्या रेषेत नेऊन नव्हे.

आरशांवर किरण ४५ अंशांनी पाडला की कडं गोल न निघता लांबट निघतं: उंची रुंदीच्या साधारण सत्तर टक्के. किरण अरुंद नागमोडी वळणाने नेला आणि २० अंशांनी पाडला तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो. जागेअभावी ते जमत नसेल तर यंत्राला बरंच वर तोंड करून नक्षी छताजवळ तिरकी पाडावी. तिरकेपणाने उंची ताणली जाते आणि फूल पुन्हा गोल होतं. दोन चुकांनी एकमेकींना सावरण्याचा हा प्रकार मला या यंत्रात फार आवडतो.

वीज पुरवताना मोटरी आणि लेझर यांचे पुरवठे वेगळे ठेवावेत. ब्रशच्या मोटरीतून सतत ठिणग्या उडतात, त्यांचे झटके त्याच तारेवर आलेल्या लेझर डायोडला मारतात. लेझरला ३ व्होल्टसाठी दोन पेन्सिल सेल पुरतात, आणि उलटसुलट जोडणी त्याला सोसत नाही, तेव्हा लाल तार धन टोकालाच. प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा, १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवावा.

वेग कमीजास्त करायला साधा कार्बनचा पॉट (मुठीने फिरवायचा बदलता रेझिस्टर) थेट मोटरीच्या तारेत घालतात आणि तो धूर सोडतो. मोटर १०० ते २०० मिलिॲम्पिअर ओढते, तो त्याचा घास नव्हे. प्रत्येक मोटरीला एक एलएम३१७ (व्होल्टेज हवं तिथे बांधून ठेवणारी आयसी) द्यावा: ९ व्होल्ट १ ॲम्पिअरचा अडॅप्टर, २४० ओहमचा रेझिस्टर आणि १ किलोओहमचा पॉट, म्हणजे १.२५ पासून साधारण साडेसहा व्होल्ट मिळतात. ३ व्होल्टच्या मोटरीला पॉट ४७० ओहमचा, म्हणजे चुकून पूर्ण फिरवला तरी पावणेचारच्या पुढे जाणार नाही. आयसीवर सव्वा वॅटच्या आसपास उष्णता साठते, म्हणून छोटा हीटसिंक हवाच. दिशा उलटवायला, म्हणजे धन आणि ऋण तारांची अदलाबदल करायला, सहा टोकांचं डीपीडीटी बटण फुलीच्या जोडणीने.

आणि १ किलोओहमच्या पॉटला लागून ओळीने एक १०० ओहमचा पॉट. हा छोटा पॉट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे, असं म्हणायला मी कचरत नाही. मोठ्या पॉटची मूठ एका अंशाने फिरली की मोटरीचा वेग अर्ध्या टक्क्याहून जास्त बदलतो. नक्षी स्थिर करायला मात्र एक दशांश टक्क्याचा हात लागतो. मोठ्या पॉटने जवळपास जायचं, छोट्याने नक्षीला हळूच पकडायचं.

ते पकडणं म्हणजे काय? शीघ्र मोटर मंदच्या बरोबर तिप्पट वेगाने आणि उलट दिशेने फिरली तर चार पाकळ्या. त्याच दिशेने फिरली तर दोन. सर्वसाधारण नियम असा: उलट दिशेला वेगांच्या गुणोत्तरातल्या आकड्यांची बेरीज करायची, त्याच दिशेला वजाबाकी. ३ ला २ उलट असेल तर पाच पाकळ्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आरशाने दिशा उलटी दिसते आणि मोटरी समोरासमोर असल्या की आणखी घोळ होतो. कोणती उलट, कोणती सुलट हे कागदावर ठरवत बसू नये. डीपीडीटी दाबून पाकळ्या मोजाव्यात.

पाकळ्यांचा घाट कलांवर अवलंबून. चार पाकळ्यांच्या जोडीत दोन्ही आरशांचा कल सारखा असेल तर पाकळ्या मध्यबिंदूतून जातात, नेमकं रांगोळीतलं फूल. शीघ्रचा कल मंदच्या एक तृतीयांश असेल तर चार टोकदार कोनांची चांदणी मिळते. त्याहून कमी केला तर कोपरे गोल झालेला चौकोन. म्हणून शीघ्र मोटरीच्या तीन चकत्या वेगवेगळ्या कलांच्या तयार ठेवाव्यात: पाच थर, तीन थर, आणि एक-दोन थर.

गुणोत्तर छोट्या पूर्ण आकड्यांचं असेल तेव्हा नक्षी उभी राहते. जराशी चूक राहिली की ती फिरू लागते, आणि कशी फिरेल हे चोख सांगता येतं. मंद २० आणि शीघ्र ६०.२ फेऱ्यांवर असेल, दिशा उलट, तर ते ०.२ चार पाकळ्यांत वाटले जातात आणि फूल वीस सेकंदांत एक गिरकी घेतं. शेकड्याला एक तृतीयांशाची चूक, आणि भिंतीवर तिची अशी सावकाश, डौलदार चाल. तेवढ्याच फेऱ्यांची चूक मंद मोटरीत असेल तर तिप्पट होऊन दिसते, म्हणून तेल, ब्रश, चांगला पॉट यांत जे काही उत्तम मिळेल ते आधी मंद मोटरीला द्यावं. ज्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दोन नादकाट्यांवर (ट्यूनिंग फोर्कवर) आरसे बसवून प्रकाशाचा किरण त्यांवरून पडद्यावर पाडला होता. त्याला हीच चाल कामाची होती: आकृती सरकत असेल तर काटे बेसूर, थांबली तर सुरात. १९७३ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत लेझेरियम नावाचे लेझरच्या प्रकाशाचे खेळ सुरू झाले, तेव्हा घुमटाखाली लोकांनी अशाच वळत्या, उमलत्या आकृत्या पाहिल्या.

बिघाड ओळखायची रीत एकच: आधी मोटरी थांबवाव्यात. थांबलेला ठिपका दुहेरी असेल तर दोष आरशाच्या काचेत. लांबट असेल तर आरशाच्या बाकात, किंवा लेझरच्या भिंगात. भिंग फिरवूनही तो सुधारला नाही तर आरसाच बदलायचा. ठिपका चांगला पण फिरताना रेषा जाड, तर असमतोल किंवा बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्यात, ढिलाई. रेषा तुटक दिसत असेल तर लेझरला मिळणारी वीज तुटतेय: सैल जोडणी किंवा संपत आलेले सेल. नक्षी मधूनच उडी मारत असेल तर पॉटमध्ये कचरा किंवा ब्रश झिजलेले. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं नक्षी एकाच बाजूला सरकत राहते, हा मात्र बिघाड नव्हे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, वीस अंश तापलेल्या मोटरीत जवळपास आठ टक्के. बुशमधलं तेलही पातळ होत असतं. तोवर छोट्या पॉटला हात लावू नये, फुकट दमणं होतं. तेल घालायचं तर शिवणयंत्राचं, सुईच्या टोकाने एक थेंब, फक्त बुशवर. ते ब्रशवर गेलं की मोटर गेली.

संगणकाने हुकमी वेग ठेवणारी मोटर, किंवा हवी ती आकृती काढणारा गॅल्व्हो, या पुढच्या पायऱ्या आहेत. गॅल्व्होचा आरसा गोल फिरत नाही, तो गुंडाळीतल्या प्रवाहाप्रमाणे इकडून तिकडे डुलतो, आणि दोन गॅल्व्होंनी अक्षरं, चित्रं, सगळं काढता येतं. अक्षरं काढायची असतील तर तो घ्यावा. फूल उमलताना बघायचं असेल तर मुठी हातात असलेल्या, थोड्या चुकणाऱ्या दोन मोटरी बऱ्या. त्यांच्याकडे तासभर बघत बसता येतं.

तिसरी मोटर जोडायची तर गिअरची, मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्यांची, आणि आरसा एका अंशाहून कमी कलाचा. तिने नक्षी गुंतागुंतीची होत नाही. अख्खं फूल भिंतीवर संथपणे फेरी घालतं. तिचा आरसा मात्र मोठा लागतो, कमीत कमी ४० मिलिमीटर, कारण तिथपर्यंत किरण बराच पसरलेला असतो.

हवेत किरण दिसत नाही, तो दिसायला कण लागतात. दोन उदबत्त्या लावून खोलीतला पंखा बंद केला की काही मिनिटांत पेटीच्या खिडकीपासून भिंतीपर्यंत नक्षीचा बोगदा तयार होतो, आणि धुराचा प्रत्येक वेढा त्यातून जाताना कापला जातो. किरणाच्या वाटेत डोकं घालून बघायचं नाही. शेजारी, थोडं मागे उभं राहावं, तिथूनही सगळं दिसतं. हा धूर आरशांवर बसतो. दुसऱ्या दिवशी नक्षीभोवती धुकट तेज दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापसाने, न दाबता, एकाच दिशेने पुसावं. पुढे थर असलेल्या आरशाला कोरडं फडकं कधीच लावू नये.

बंद करताना मोटरींचा अडॅप्टर आधी काढावा, लेझर चालू ठेवून, बोट त्याच्या बटणावर. दोन्ही मोटरी एकाच गतीने थांबत नाहीत. जड आरशाची उशिरा थांबते, कोरड्या बुशची लवकर. त्यामुळे त्या दोन-तीन सेकंदांत गुणोत्तर क्षणाक्षणाला बदलत जातं. चार पाकळ्यांच्या पाच होतात, पाचांची जाळी, जाळीचे फास सुटतात, एक डगमगतं कडं उरतं, मग कड्याची रेघ तुटून पळणारा ठिपका दिसू लागतो, आणि तो भिंतीवर कुठेतरी थांबतो. तिथे बटण दाबायचं.